कागद कुणाकडं मागायचा?

पावसाळ्याच्या तोंडावर जतच्या बाजूची एक मुलगी आमच्या सल्ला केंद्रात आली. मुलगीच म्हणायची, तेवीसची असेल. सोबत तिची आई आणि आईच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी. आमच्याकडं येणाऱ्या बायका बहुतेक मारहाणीच्या नाहीतर पोटगीच्या कामासाठी येतात. मीही सवयीनं नोंदवहीत 'माहेरी पाठवलं' असं लिहायला घेतलं. ती म्हणाली, "ताई, त्यो अर्ज न्हाय द्यायचा मला. माझ्या पोराला काय झालं ते सरकारनं लिहून द्यावं. तेवढा कागद पायजे."

पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड होतं. दीड महिन्याचा डोस, अडीच महिन्याचा, साडेतीन महिन्याचा. तिसऱ्या नोंदीनंतरची पानं कोरी. अंगणवाडीत सकाळी लस दिली. बाळाचे पाय हिनंच धरले होते. संध्याकाळी ताप आला, आशाताईनं दिलेलं तापाचं औषध पाजलं, रात्री बाळ किरकिरलं आणि मग झोपलं. पहाटे हात लावला तर गार.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आले. तोपर्यंत लहान पोराला पुरतात तसं पुरून झालं होतं. डॉक्टर शवविच्छेदनाचं बोलले तर सासरे अंगावर गेले, पुरलेलं पोर उकरायचं का म्हणाले. हिला कुणी विचारलंच नाही. ती आतल्या खोलीत होती. डॉक्टरांनी फॉर्म भरला आणि गेले. पुढं बऱ्याच महिन्यांनी तोंडी निरोप आला, माहिती अपुरी असल्यानं प्रकरणाचं वर्गीकरण करता येत नाही. तोवर घरानं आपलं वर्गीकरण करून टाकलं होतं. पोराला सुईला कोण घेऊन गेलं? ही. मग पोर कुणी मारलं? हिनं.

मला माहीत नाही ते बाळ लसीनं गेलं की नाही. ही गोष्ट सुरुवातीलाच लिहिते, कारण या विषयावर बोलायला लागलं की लोक लगेच दोन बाजूंना उभे राहतात. तीन-चार महिन्यांचं वय हे असं वय आहे की कुठलीही लस न घेतलेली धडधाकट बाळंही झोपेत अचानक दगावतात. याच वयात लसी असतात. त्यामुळं एकापाठोपाठ एक घडलं म्हणून एकामुळं दुसरं घडलं असं म्हणता येत नाही. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीला आणि भिवंडी, मालेगावला गोवरानं मुलं गेली, ती लस न मिळालेल्या वस्त्यांतली मुलं होती. पोलिओ या देशातून गेला तो लसीनं, आणि घरोघर डबा घेऊन फिरणाऱ्या बायकांनी. मी स्वतः माण-खटावच्या वस्त्यांवर आणि ऊसतोड टोळ्यांच्या पालांवर बायकांना समजावून लसीकरणाला घेऊन गेले आहे, पुढंही नेणार आहे. प्रश्न त्यानंतरचा आहे. ज्या एखादीच्या घरात काही घडतं, तिनं कुणाकडं जायचं?

आपल्याकडं यासाठी यंत्रणा नाही असं नाही. लसीकरणानंतर काही गंभीर घडलं तर त्याची नोंद तातडीनं जिल्ह्याला जायला हवी, प्राथमिक चौकशी १० दिवसांत व्हायला हवी, जिल्ह्याची समिती आहे, राज्याची आहे, दिल्लीची आहे. समिती ठरवते की घटना लसीच्या घटकामुळं घडली, लसीच्या दर्जामुळं, टोचणाऱ्याच्या चुकीमुळं, टोचण्याच्या भीतीमुळं, की निव्वळ योगायोगानं. काहीच ठरवता आलं नाही तर चौथ्या खणात, म्हणजे 'वर्गीकरण अशक्य'. पण हे सगळं लसीवर नजर ठेवण्यासाठी आहे. ते चांगलंच आहे. त्या समितीला बाईला काही द्यायचं नसतं, पैसा नाही, उत्तरही नाही. अहवाल खालून वर जातो, आणि वरून खाली, त्या घरापर्यंत, तो आपोआप येत नाही.

मग कायद्याकडं जायचं. ग्राहक न्यायालय? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणलं तो शांता खटल्याचा निकाल आपल्याला शिबिरांतून माहीत आहे. पण त्याच निकालानं जिथं सगळ्यांनाच फुकट सेवा मिळते तिथली सेवा त्यातून वगळली. अंगणवाडीतली लस फुकट. म्हणजे पैसे मोजून खाजगी दवाखान्यात टोचून घेणारीला ते दार उघडं आणि जत-आटपाडीच्या बाईला बंद. राहिलं दिवाणी न्यायालय. तिथं निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. कुणाचा? लस शीतपेटीत नीट होती, नर्सनं योग्य जागी योग्य मापात टोचली, सगळं नियमाप्रमाणं झालं आणि तरी हजारो-लाखोंत एकाच्या शरीरानं ती सोसली नाही, तर त्यात चूक कुणाचीच नाही. आणि चूक नाही म्हणजे दावा नाही. शिवाय मृत्यूच्या भरपाईच्या दाव्याला मुदत दोन वर्षांची. समितीच्या अहवालाची वाट पाहण्यातच त्यातले बरेच महिने जातात.

दिवाणी न्यायालय म्हणजे काय ते चंद्रिकाबाईच्या खटल्यावरून पाहा. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये बाळंतपणानंतर तिची नसबंदी झाली. पोटात कापडाचा बोळा राहिला. पुन्हा पोट उघडून तो काढला, पण ती वाचली नाही. इथं योगायोगाचा प्रश्नच नव्हता, बोळा डोळ्यांना दिसला होता. खालच्या न्यायालयानं ३६ हजार रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयानं ते रद्द केले, आणि सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा कायम केले ते १९९६ साली. अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावानं तो निकाल वकिलांना पाठ असतो. सरकारी डॉक्टरच्या चुकीला सरकार जबाबदार, हे त्यानं पक्कं केलं म्हणून तो मोठा निकाल. तेहतीस वर्षं आणि ३६ हजार! बोळा सापडूनही इतकं. जिथं सापडण्यासारखं काहीच नाही तिथं काय होईल?

करोनाच्या वेळी हा प्रश्न पहिल्यांदा शिकल्यासवरल्या घरांत शिरला, म्हणून वर्तमानपत्रांत आला. आरोग्य कर्मचाऱ्यांना पहिली लस मिळाली १६ जानेवारी २०२१ पासून. नाशिक जिल्ह्यात नोकरी करणाऱ्या एका तरुण डॉक्टर मुलीनं २८ जानेवारीला कोविशील्ड घेतली, आठवडाभरात डोकं दुखायला लागलं आणि १ मार्चला ती गेली. औरंगाबादच्या तिच्या वडिलांनी उच्च न्यायालयात १ हजार कोटींच्या भरपाईची मागणी केली. २६ ऑगस्ट २०२२ ला न्यायालयानं केंद्र, राज्य, सीरम इन्स्टिट्यूट वगैरे सर्वांना नोटिसा काढल्या. आकडा ऐकून आमच्या बैठकीत एकजण हसली होती. मला हसू आलं नाही. मुलीच्या जिवाची किंमत कुणी ठरवूनच दिलेली नसेल तर बाप कुठला आकडा लिहील?

त्याच वर्षी दोन मुली गमावलेल्या आईबापांची याचिका सर्वोच्च न्यायालयात होती, रचना गंगू विरुद्ध भारत सरकार. त्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रानं जे प्रतिज्ञापत्र केलं ते प्रत्येक कार्यकर्तीनं समजून घ्यावं असं आहे. लस घेणं ऐच्छिक होतं, दुःखाबद्दल सहानुभूती आहे, पण सरकारला जबाबदार धरता येणार नाही, ज्यांना भरपाई हवी त्यांनी दिवाणी न्यायालयात जावं, असा त्याचा मथितार्थ. ऐच्छिक! नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात निदान एक डोस घेतल्याशिवाय रेशन, गॅस आणि पेट्रोल मिळणार नाही असा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश होता. मुंबईत दोन डोस नसतील तर लोकल नव्हती. रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईची इच्छा म्हणजे काय, हे आपल्याला नसबंदीच्या टार्गेटपासून माहीत आहे. मे २०२२ मध्ये जेकब पुलियल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं की कुणावरही लसीची सक्ती करता येत नाही, आणि दुष्परिणामांची नोंद लोकांना स्वतः करता येईल अशी सोय करा. सक्ती नाही हे ठरलं, पण ज्यांच्यावर ती आधीच होऊन गेली त्यांच्या हातात काय आलं?

आपल्या आशा आणि अंगणवाडीच्या बायका तर पहिल्या फळीत होत्या. आधी स्वतः टोचून घ्यायचं, मग गावाला पटवायचं. करोनानं मेल्यास ५० लाखांचा विमा होता, त्यात करोना होता, लसीचं नाव नव्हतं. आणि गावात काही झालं की पहिला दगड यांच्याच दारावर. वर सांगितलेल्या मुलीच्या गावातल्या आशाताईला त्या गल्लीत वर्षभर पाय ठेवता आला नाही. पुऱ्या लसीकरणामागं तिला १०० रुपये मिळतात. भरपाईची सोय असती तर सासरच्यांचा राग सरकारी कचेरीकडं वळला असता. ती नसल्यामुळं तो दोन बायकांवर पडला, एक आई आणि एक आशा. म्हणून मी म्हणते की हा आरोग्याचा आणि कायद्याचा प्रश्न आहेच, पण आधी तो बायकांचा प्रश्न आहे.

चूक कुणाची हे न विचारता भरपाई, ही कल्पना काही परदेशी चैन नाही. बाहेर ती आहेच. पश्चिम जर्मनीनं १९६१ मध्ये केली, इंग्लंडनं १९७९ मध्ये कायदा केला. त्यात १ लाख २० हजार पौंड एकदाच मिळतात, पण ६० टक्के अपंगत्वाची अट आहे आणि तिच्यावर तिथंही टीका होते. अमेरिकेनं १९८६ मध्ये कायदा केला, लसीवर छोटा कर लावून त्यातून निधी काढला, आणि कुठल्या लसीनंतर किती वेळात काय झालं तर ते लसीमुळंच धरायचं याचा तक्ताच केला. आईनं सिद्ध करत बसायचं नाही, सरकारला वाटलं तर त्यानं उलट सिद्ध करावं.

पण तिकडं कशाला जायचं? मोटारीखाली माणूस मेला तर आपल्याच मोटार वाहन कायद्यात चूक न विचारता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर इजेला अडीच लाख आहेत. करोनानं गेलेल्याच्या वारसाला ५० हजार मिळाले, तेही सर्वोच्च न्यायालयानं जून २०२१ मध्ये बजावल्यावर. शेतकरी सर्पदंशानं गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेत २ लाख मिळतात. आमच्या शिराळा-कराडकडं उसातनं बिबट्या येतो आणि शेळी नेतो. वनखातं पंचनामा करतं आणि शेळीचे पैसे देतं. शेळी कुणाच्या निष्काळजीपणानं बाहेर बांधली होती असं विचारत नाही. बिबट्या सर्वांसाठी राखायचा असेल तर त्याची झळ एकट्या शेळीवालीनं सोसू नये, एवढंच त्यामागचं शहाणपण. लसीलाही तेच लागू आहे. सगळ्या गावाला गोवर होऊ नये म्हणून सगळ्यांनी टोचून घ्यायचं, मग त्यात एखादीचं नुकसान झालं तर ते सगळ्यांचं का नाही?

नवीन औषधाच्या चाचणीत इजा झाली तर कंपनीनं भरपाई द्यायची हा नियमही आपल्याकडं आहे. २०१९ च्या नियमांत मृत्यूचं सूत्र ८ लाखांच्या मूळ रकमेवर बसवलं आहे. म्हणजे तीच लस चाचणीत घेतली तर हक्क, आणि मान्यता मिळून सरकारी मोहिमेत आली की 'दिवाणी न्यायालयात जा'.

सगळ्यात जवळचं उदाहरण तर आपल्याच चळवळीनं आणि आरोग्याच्या कार्यकर्त्यांनी मिळवलेलं आहे. नसबंदीच्या शिबिरांत बायका मरत होत्या. रमाकांत राय यांच्या याचिकेवर २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिले आणि त्याच वर्षी विमा योजना आली. २०१३ मध्ये तिची क्षतिपूर्ती योजना झाली, तेव्हा सात दिवसांतल्या मृत्यूला २ लाख आणि नसबंदी फसली तर ३० हजार असे दर होते. इकडं शिवराम खटल्यात २००५ मध्येच न्यायालय म्हणालं होतं की नसबंदी फसली एवढ्यानं डॉक्टर निष्काळजी ठरत नाही. तरीही योजना पैसे देते, निष्काळजीपणा न शोधता. आरोग्य खात्याला हे जमतं, याचा आणखी कुठला पुरावा हवा? योजनेनं शिबिरं सुधारली नाहीत हेही खरं. २०१४ च्या नोव्हेंबरात बिलासपूरजवळ एका शिबिरात ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि १३ जणी गेल्या. भरपाईनं दर्जाचा प्रश्न सुटत नाही. पण भरपाई नसेल तर मेलेलीची मोजदादही होत नाही, कारण घरच्यांना कचेरीत जाऊन सांगण्यात काही अर्थ वाटत नाही.

आपल्यातल्या काही मैत्रिणींना भीती वाटते की हा विषय काढला तर लसविरोधकांच्या हातात कोलीत जाईल. व्हॉट्सॅपवर काय फिरतं ते मीही बघते. लसीनं मुलं होत नाहीत, लसीत अमुक मिसळलंय. पण ही अफवा जिथं उत्तर मिळत नाही तिथंच पिकते. जतच्या त्या वस्तीवर पुढच्या फेरीला अकरा बाळांपैकी चारच आली. डॉक्टरांनी येऊन अहवाल वाचून दाखवला असता आणि आईच्या हातात काही ठेवलं असतं तर किती आली असती, हे मी सांगू शकत नाही, पण चारपेक्षा जास्त आली असती एवढं नक्की.

आपला जुना अनुभव आठवा. १९८६ साली नेट-एन इंजेक्शनाविरुद्ध हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेसह बायकांचे गट सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा ते कुटुंबनियोजनाच्या विरोधात नव्हते. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदऱ्याच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस दिली गेली, वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच संमतीच्या सह्या केल्या. सात मुली गेल्या. ते मृत्यू लसीमुळं झाल्याचं चौकशीत दिसलं नाही. पण संमतीचे आणि नोंदींचे जे धिंडवडे निघाले ते संसदीय समितीनं २०१३ मध्ये स्पष्ट लिहिले. दिल्लीच्या 'समा' गटानं खम्ममला जाऊन मुलींशी बोलून हे पुढं आणलं. ती लस चांगली आहे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं मरणाऱ्या बायका मी मिरजेच्या वॉर्डात पाहिल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वर्षांच्या मुलींना ती देण्याला प्रोत्साहन देण्याचं सरकारनं जाहीर केलं. आपण शाळाशाळांत त्या लसीच्या बाजूनं बोलूच, पण संमतीचा कागद मराठीत, पालकांना वाचून दाखवून, आणि मुलीला काही झालं तर कुणी काय द्यायचं हे त्यावर छापून मागू.

आता पैशाचं. ती मुलगी पहिल्या दिवशी म्हणाली होती, "पैसं नगंत मला. पोराच्या जिवाचं पैसं घेऊ का?" मीही तेव्हा मान डोलावली. नंतर स्वतःचाच राग आला. बापानं हजार कोटी मागितले तर ती लढाई होते, आणि आईनं दोन लाख मागितले तर पोराच्या जिवावर पैसे! पैसे नकोत हे आपल्याला शिकवलेलं वाक्य आहे. तिला आज माहेरी भावजयीच्या हाताखाली दिवस काढायचे आहेत, रोजगाराला जायचं आहे. आणि भरपाई मंजूर झालीच तर ती कुणाच्या खात्यात जाईल? करोनाच्या ५० हजारांवरून विधवा आणि सासर यांच्यात काय झालं ते आपण तालुक्यातालुक्यांत निस्तरलं आहे. म्हणून लसीच्या भरपाईची मागणी करताना पहिल्या दिवसापासून आईचं नाव आणि आईचं खातं असं म्हणायला हवं. मागाहून ते घालता येत नाही.

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करू या. लस घेतल्यावर कार्डावर बॅच नंबर लिहिला का, हे बघायला गटातल्या बायकांना सांगा. काही घडलं तर केंद्रात लेखी कळवा आणि पोच घ्या. मूल दगावलं तर शवविच्छेदनाचं बोलणं फार कठीण असतं, मला माहीत आहे, पण ते आईशी बोला, सासऱ्याशी नंतर. ते झालं नाही तर प्रकरण चौथ्या खणात जातं आणि तिथंच राहतं. अहवाल माहितीच्या अधिकारात मागा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा-सांगलीची उच्च न्यायालयाची कामं कोल्हापूरच्या सर्किट बेंचला चालतात, मुंबईच्या गाडीभाड्याचा प्रश्न तेवढा कमी झाला आहे. तिथं अशी याचिका आपल्या दोन जिल्ह्यांतून, एका बाईची नाही तर पाच-सहा जणींची मिळून जावी असं मला वाटतं. तुमच्या भागात अशा घटना असतील तर कळवा, लस कुठली होती आणि समितीनं काय म्हटलं यासह.

आमच्या मुलीचा अर्ज आम्ही टाकला. पहिलं उत्तर आलं की माहिती गोपनीय आहे, देता येत नाही. बाळाची माहिती बाळाच्या आईपासून गोपनीय! अपील केलं. अपिलात चार पानं मिळाली. तिसऱ्या पानावर लिहिलं आहे, 'शवविच्छेदन: आईवडिलांचा नकार'. ते तिला वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी कवा नकार दिला?"

विधी सेवेतून वकील मिळाले आहेत. बाळ जाऊन येत्या मार्गशीर्षात दोन वर्षं होतील, त्याच्या आत दावा घालायचा आहे. दाव्यात बाळाच्या वडिलांचंही नाव लागेल असं ते म्हणाले. नवऱ्याशी तिचं वर्षभर बोलणं नाही. पुढच्या सोमवारी ती, तिची आई आणि मी त्याच्याकडं जाणार आहोत.